दोन तोळ्यांचा चोर

नांदूरघाट,
१० नोव्हेंबर २०२४

वत्सलास थोरल्या जावेचा आशीर्वाद. घेतलास तर तुझा, नाही घेतलास तर बीडच्या गाडीतच सांडला असं समजेन.

फोन केला की तू कापतेस. पाच-सहा वेळा करून बघितला. मग म्हटलं, फोन कापायला बोट लागतं, पत्र फाडायला दोन हात लागतात, आणि दोन हातांत कागद आला की बाईमाणूस एकदा तरी वाचून बघतंच. आपला हरिओम आता बीडच्या एसटीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती देते आहे. त्याला बजावलंय, तुझ्या लेकाजवळ, अभिमन्यूजवळ देऊ नको, वत्सलाबाईच्याच हातात दे, आणि चहा घेतल्याबिगर उठू नको.

अक्षराला हसू नको. माझं नाव लिहायला तू शिकवलंस, अंगणातल्या धुळीत लिंबाच्या काडीनं. बाकीचं मी किराण्याच्या पुडीच्या कागदांवरनं शिकले, त्यामुळं माझी निम्मी विद्या तेलकट आहे.

इकडं सगळं बरं. तुझे भावजी बरे आहेत, एक गुडघा सोडून. तूर शेंगांनी वाकलीय. पत्राचं कारण मात्र निराळंच आहे, आणि ते वाचून तुला वाटेल आक्काचं डोकं फिरलं.

दसरा झाल्यावर एक पोरगी आपल्या माळावर आली. सिरसाळ्याची आहे, प्रियदर्शनी नाव. पाठीला मोठी पिशवी, पिशवीत पत्र्याचे चपटे डबे. मला वाटलं भांडी विकायला आली. तर ती विचारते, "मावशी, तुमच्या रानात उंदीर हायत का?" वत्सला, साठ वर्षांत मला इतक्या आशेनं कुणी उंदीर विचारले नव्हते. मी म्हटलं, "हायत की. किती पोती देऊ?"

पण तिला घरातला उंदीर नको, घूसही नको. तिला पाहिजे ती माळावरची, बांधावरची बारकी जात, जी जन्मात कुणाच्या घरात शिरत नाही. विद्यापीठात ती त्यांच्यावरच अभ्यास करते. मी म्हटलं, एवढं शिकून उंदीर? तर हसली. म्हणाली, वाघ मोजायला माणसं रांग लावतात. हे बारके जीव कोण आहेत, कुठं राहतात, किती उरलेत, एवढंसुद्धा कुणी धड लिहून ठेवलेलं नाही. घुशीसाठी टाकलेलं औषध हेच आधी खातात. मग घुबड, मुंगूस, खोकड उपाशी. "मावशी, हे संपले तरी कुणाला कळायचं न्हाई, कावून की होते हेच कुणाला ठाऊक न्हाई." म्हणून आधी घर शोधायचं, मग बाकीचं.

सगळी शिवारं तिनं पायांखाली घातली. लोकांनी बांध कोरून कोरून करगोट्याएवढे केलेत, त्यात मुंगीला घर मिळेना. आणि ही बया थांबली कुठं, तर तुझ्या-माझ्या रानाच्या मधल्या पट्ट्यात. पाच हात रुंद, बारा वर्षांत नांगर न लागलेला, गवत गुडघ्याएवढं. खाली बसून तिनं बिळं मोजली आणि म्हणाली, एवढा चांगला बांध कशानं राखलाय हो?

आता काय सांगू? मी म्हटलं, "जावाजावांच्या मायेनं." तुझे भावजी शेजारीच उभे होते. त्यांना एकदम खोकला आला.

तर काम असं. अभिमन्यूनं एक जानेवारीला जेसीबी सांगितलाय म्हणे. तो पट्टा मोडून तुझ्या बाजूला सीताफळ लावणार. पोराचं काही चुकलं नाही, रान तुमचं. पण या पोरीला तीन वर्षं तो पट्टा आहे तसा पाहिजे. माझ्या बाजूची सही मी केली. तुझ्या बाजूचा सातबारा तुझ्या नावावर, म्हणून तुझी सही लागते. कागद सोबत आहे, जागेवर पेन्सिलीनं फुली केलीय.

त्या दिवसाचं काही लिहीत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं.

केशरबाई


नांदूरघाट,
२४ नोव्हेंबर २०२४

वत्सला,

हरिओमनं खबर दिली. चहा दिलास, वर दोन बिस्किटं दिलीस, आणि पत्र न वाचता पिठाच्या डब्यामागं ठेवलंस. म्हणजे फाडलं नाहीस. रोज पीठ घेताना दिसत असेल. आता त्याच्या जोडीला हे दुसरं.

प्रियदर्शनी आता आपल्याच ओसरीवर मुक्कामाला आहे. तिच्या त्या डब्यांना एक झाकण असतं. आत खायला ठेवायचं, उंदीर आत गेला की झाकण पडतं. जिवाला इजा नाही. सकाळी उन्हं तापायच्या आत काढायचा, वजन करायचं, लिहून घ्यायचं आणि जिथला तिथं सोडायचा. खायला काय ठेवायचं, तर भाकरीचा तुकडा आणि शेंगदाण्याचा कूट. ते काम मी माझ्याकडं घेतलं.

चार दिवस डबे रिकामे. पोरीचं तोंड उतरलं. बिळं ताजी आहेत, लेंड्या ताज्या आहेत, मग येत का नाहीत? पाचव्या दिवशी तिनं तो कूट बोटावर घेऊन जिभेला लावला आणि अशी ठसकली की तांब्याभर पाणी लागलं. मी त्यात लसूण आणि लाल तिखट कुटून घालत होते. चिमूटभर हिंगही. तिनं विचारलं, मावशी, कावून? मी म्हटलं, अगं, पाहुण्याला आळणी कसं वाढायचं? तुझे भावजी ओसरीवरनं म्हणाले, बेचाळीस वर्षं खातोय, मलाबी त्या डब्यात जायचं धाडस झालं नसतं.

आळणी कूट ठेवला आणि दुसऱ्याच सकाळी पाच झाकणं पडलेली.

वत्सला, मी उंदराला कधी नीट बघितलंच नव्हतं. वहाण घेऊन मागं पळाले तेवढंच. हा तळहातावर मावतो. पाठ मातीच्या रंगाची, पोट पांढरं, आणि केस कसे, तर नव्या केरसुणीसारखे टोचणारे. तिनं छोट्या पिशवीत घालून काट्याला लटकवला. तेवीस ग्रॅम. मी मनात हिशेब केला, दोन तोळे. आपल्या सासूबाईंच्या पाटल्यांपेक्षाही हलका, आणि काळीज कसं उडत होतं त्याचं, पिशवी थरथरत होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ह्या उंदराची एक रीत आहे. बिळाच्या तोंडाशी तो खडे आणून रचतो. चिंचोक्याएवढे, बोराच्या बीएवढे. तोंडात धरून आणतो, दाराभोवती मांडतो, कधी त्यांनीच दार बुजवून घेतो. मी त्याला खडेमामा म्हणते. प्रियदर्शनी मला एकेक बीळ दाखवत होती. सगळीकडं आपल्या माळाचे काळे-तांबडे खडे. पण पट्ट्याच्या मधोमध गेलो आणि तिथल्या बिळांना पांढरे खडे. दुधासारख्या गारगोट्या.

ती म्हणाली, असले खडे या रानात कुठंच दिसले न्हाईत, कुठनं आणले असतील?

मी खालीच बसले.

तुला सगळं माहीत आहे, पण मलाच एकदा ओळीनं मांडून बघायचं आहे. बारा वर्षांमागं तुझ्या भावजींची आणि बंकटभावजींची, दोघा भावांची वाटणी झाली. पंचांनी दोरी धरली. मोठे दगड गाडीनं आणायचे होते, तोवर खूण पाहिजे, आणि आभाळ आलं होतं म्हणून चुना टाकता येईना. मग मीच म्हटलं, नाल्यातल्या पांढऱ्या गारगोट्या टाकू. आपण दोघींनी पावलागणिक मूठ-मूठ ठेवली. तू पुढं, मी मागं. मग दोन दिवस सगळे लग्नाला गेलो. परत येऊन बघतो तर मधल्या, वळणावरच्या सात जागा रिकाम्या. तुझे भावजी म्हणाले रेघ इथनं होती, बंकटभावजी म्हणाले तिथनं. दोघांनी आपापल्या आठवणीनं दोन रेघा मारल्या, आणि मधल्या पाच हातांत कुणी पाय घातला नाही. मेलं तरी घालणार नाही म्हणाले. बंकटभावजी तर खरंच त्यात पाय न घालता गेले.

वत्सला, त्या गारगोट्या तू हलवल्या नाहीस. मीही नाही. त्या ह्या दोन तोळ्यांच्या चोरानं नेल्या. आणि आपण भांडलो, म्हणून त्याचं घर तेवढं शिल्लक राहिलं. डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणतात, आपण उंदरापायी डोंगर उभा केला.

मला इतकं हसू आलं की पोरगी घाबरली.

केशरबाई


नांदूरघाट,
३ डिसेंबर २०२४

वत्सला,

काल अभिमन्यूचा फोन आला. पोरगं क्लासमध्ये गणित शिकवतं म्हणून बोलतंही तसंच, एकाखाली एक. म्हणाला, मोठी माय, आईनं तुझी दोन्ही पत्रं काल एकदम वाचली. वाचल्यापास्नं जेवली न्हाई. बारा वर्षांनी उंदरावर ढकलून मोकळी होतेस का? जेसीबी एक तारखेला येणार म्हणजे येणार, आणि आईला सही मागू नको.

मी फोन ठेवला आणि तणतणत आत गेले. तुझे भावजी तुरीची शेंग सोलत बसले होते. त्यांना म्हटलं, बघा, चांगलं सांगायला गेलं तर हे असं. त्यांनी शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाले, "खडे उंदरानं नेले. पदर कुणी झाडला?"

बेचाळीस वर्षांत या माणसाचं बोलणं मला एवढं कधी लागलं नव्हतं.

तेव्हा आता ते लिहिते, जे गंगेला मिळालं म्हणून मागं लिहिलं होतं. मिळालं नव्हतं. मीच बुडवायला बघत होते.

लग्नावरनं आलो त्या सकाळी, रेघ तुटलेली बघून मी तुझ्या दारात आले. चार बाया गोळा झाल्या होत्या. मी तुला म्हटलं, साव असशील तर पदर झाड. तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग कमरेचा पदर सोडलास, आणि झाडायच्या आधी पदराच्या टोकाची गाठ सोडलीस. गाठीतनं दोन गारगोट्या पडल्या. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल, मी कागदावर आणत नाही, माझ्या हाताला लाज वाटते.

पण वत्सला, त्या दोन गारगोट्या मीच तुला दिल्या होत्या. रेघ संपली तेव्हा दोन उरल्या. मी म्हटलं टाकून दे, तू म्हणालीस राहू द्या आक्का, उद्या कुठं कमी पडली तर लागतील. आणि माझ्यासमोर गाठ मारलीस. हे मला त्या दारात उभी असतानाच आठवलं. गारगोट्या जमिनीवर पडल्या त्याच क्षणाला. तोंड उघडून चार बायांदेखत एवढं सांगायचं होतं की ह्या मीच दिल्यात. नाही सांगितलं. रागात होते असं बारा वर्षं स्वतःला सांगत आले. राग तेव्हाच उतरला होता. उरला होता तो ताठा.

बंकटभावजींच्या दहाव्याला मी आले होते. दारापाशी बसले. तू बघितलं नाहीस. मला वाटलं, बघत नाही तर राहिलं. आता वाटतं, कशी बघशील.

सही राहू दे. तो कागद फाड किंवा त्यानं चूल पेटव. पट्टा मोडला तर मोडला. प्रियदर्शनीला मी सांगितलं, पोरी, दुसरं रान बघ, इथली सही मागायचं तोंड मला उरलं नाही. ती शहाणी आहे. म्हणाली, बघते, पण महिनाअखेरपर्यंत डबे इथंच राहू द्या.

त्या चार बायांपैकी दोघी आता नाहीत. उरलेल्या दोघींना मी काल घरी बोलावून चहा दिला, आणि हे सगळं त्यांच्यासमोर सांगितलं. एक म्हणाली, आता कशाला गं केशर? दुसरी म्हणाली, लई उशीर केलास.

दुसरीचं खरं आहे.

केशरबाई


नांदूरघाट,
२२ डिसेंबर २०२४

वत्सला,

आज हरिओमनं गाडी थांबवून हाका मारल्या. अर्धी गाडी खिडकीतनं डोकावत होती. त्यानं पिशवी दिली आणि म्हणाला, मावशी, या पिशवीला तिकीट फाडलं न्हाई, पण वत्सलामावशी रस्ताभर फोनवर विचारत होत्या पोचली का म्हणून. म्हणजे फोन उचलत नाहीस, पण करता येतो, एवढं कळलं.

पिशवीत कागद होता. फुलीवर सही. तुझं अक्षर अजून तसंच, ओळीत चालणाऱ्या मुंग्यांसारखं.

आणि त्या कागदात गुंडाळलेला हिरव्या लुगड्याचा तुकडा. पदराचं टोक. कातरीनं कापलेलं, गाठ मारलेलं. गाठ सोडायला मला बराच वेळ लागला. बोटं म्हातारी झालीत, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं. दोन गारगोट्या. म्हणजे त्या सकाळी मी पाठ फिरवल्यावर तू त्या उचलून घेतल्या होत्यास.

मग कागदाची पाठ बघितली. एक ओळ. "येळवसाची आंबील आंबट करा. मागच्या खेपेला गोड झालती."

मागची खेप म्हणजे बारा वर्षांमागची. ती अमावास्या तुझ्या अजून जिभेवर आहे तर. मी तुझ्या भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खरंच गोड झालती, मी तेव्हा बोललो न्हाई. हा माणूस काय काय पोटात ठेवून बसलाय देव जाणे.

तीस तारखेला सोमवारी येळवसाची अमावास्या आहे, सगळ्यांनी रानातच जेवायचं. ताक आजच लावायला घेतलंय, यंदा दात आंबतील. कडब्याची खोप मी पट्ट्याच्या कडेला घालायला सांगितली, म्हणजे तुझ्याही रानातनं दिसेल. पूजेला पाच पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवून ठेवले. प्रियदर्शनीनं एकच अट घातली, की खोपेची मेढ बिळावर रोवायची नाही. अभिमन्यूलाही आण. रागात असला तरी आण. उपाशीपोटी माणूस रागावतो, हिरव्या दाण्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाल्ल्यावर किती रागावेल ते बघू.

आक्का


नांदूरघाट,
३१ डिसेंबर २०२४, सकाळ

वत्सला,

तू काल सांजच्या गाडीनं गेलीस आणि मी आज लिहायला बसले. तूच म्हणाली होतीस, सकाळी बघून लगेच कळवा. आधी दुसरं थोडं लिहिते, मग ते.

घर अजून भज्जीच्या वासानं भरलंय. प्रियदर्शनीनं तीन वाट्या आंबील पिऊन रात्रभर पोट धरलं, आता ओव्याचं पाणी घेऊन बरी आहे. तुझे भावजी सकाळपासनं गुडघ्याचं नाव काढत नाहीत. काल शेताभोवती आंबील शिंपडत तुझ्या रानालाही फेरी घालून आले, बारा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही रानांना मिळून एक फेरी. मी मोजत होते, एकदाही थांबले नाहीत.

तुझा अभिमन्यू येताना टेप घेऊन आला होता, मला वाटलं आता पट्टा मोजतो. पण प्रियदर्शनी लई पोचलेली आहे. तिनं त्याच्या हातात काटा दिला आणि म्हणाली, सर, जरा आकडा वाचता का, मला पिशवी धरायचीय. गणिताचा माणूस, आकडा म्हटल्यावर चष्मा वर केला. चोवीस ग्रॅम, म्हणाला. मग विचारतो, मागं किती होता? तेवीस. म्हणजे वाढला. हा तोच कशावरनं? तिनं उंदराच्या पाठीवरचे, खुणेसाठी कातरलेले केस दाखवले. त्यानंतर तो तासभर उकिडवा बसून तिची वही वाचत होता. तिनं वहीत पहिल्या पानावर आधी काय शोधायचं ते लिहिलंय ना, कोण आहे, कुठं आहे, किती आहेत, कशानं मरतात. ते वाचून म्हणाला, एवढं साधं अजून कुणाला माहीत न्हाई? जाताना त्यानं जेसीबीवाल्याला फोन केला. मला म्हणाला, "मोठी माय, तीन वर्षं. सीताफळ पट्टा सोडून लावतो. पण तिखट कूट घालू नको त्यांना." म्हणजे ते पत्र त्यानंही वाचलंय.

तू खोपेत येऊन बसलीस. पत्रात सगळं लिहून झालं होतं. थोरलीनं धाकटीच्या पाया पडायची रीत नाही, नाहीतर तेही केलं असतं. मी नुसता तुझा पदर हातात धरला. आणि तू म्हणालीस, "सोडा आक्का, परत झाडताल."

तुझे भावजी हसले, अभिमन्यू हसला, तू हसलीस. मी सगळ्यांत शेवटी हसले, आणि अजून थांबले नाही. मधूनच डोळे पुसावे लागतात, ते आंबिलीच्या आंबटपणानं असेल.

आता सकाळचं. काल निघायच्या आधी आपण दोघींनी त्या दोन गारगोट्या पट्ट्याच्या मधोमध ठेवल्या. तू एक, मी एक, गवत बाजूला सारून. मी आज उन्हं निघायच्या आत गेले. दव इतकं होतं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. जागा बरोबर सापडली, कारण तू तिथं हळदीचं बोट लावलं होतंस.

दोन्ही गारगोट्या गेल्या, वत्सला. दोन्ही.

कुणाच्या बाजूच्या बिळात गेल्या ते मी शोधलं नाही. घरी आले, हात धुतले आणि लिहायला बसले. या खेपेला मी कुणाचा पदर झाडला नाही.

तुझी आक्का